खुनांचा नकाशा आणि स्त्रियांची संख्या

१९५३ साली आपल्या देशात ९,८०३ खून नोंदले गेले. गुन्ह्यांची अखिल भारतीय मोजदाद त्या वर्षापासून दरसाल प्रसिद्ध होत आली आहे. १९६१ च्या तक्त्यात हा आकडा ११,१८८ झाला, १९७१ च्या तक्त्यात १६,१८०, १९८१ मध्ये २२,७२७, १९९१ मध्ये ३९,१७४, आणि २०२२ मध्ये तो उतरून २८,५२२ वर आला. (पहिल्या दोन आकड्यांत गोवा नाही, १९६१ चा डिसेंबर सरत आला तेव्हा कुठे आपली गणना या हिशेबात होऊ लागली.) एवढ्या मोठ्या देशात एवढे खून व्हायचेच, असे म्हणून पान उलटणारा वाचक पुष्कळ भेटेल. पण हेच खून प्रांतवार आणि जिल्हावार मांडून पाहिले की तो वाचकही थबकतो. एका जिल्ह्यात लाख माणसांमागे वर्षाला एखादाच खून, आणि शेजारच्या, त्याच भाषेच्या, त्याच पीकपाण्याच्या जिल्ह्यात त्याच्या कितीतरी पट, हे असे का व्हावे?

देवळाच्या चौकात संध्याकाळी गप्पा रंगल्या म्हणजे या प्रश्नाची तीन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, गरिबी माणसाला खुनी बनविते. दोन, शहर माणसाला बिघडविते. खेडे बिचारे सोज्वळ. आणि तिसरे, जे थोडा आवाज उतरवून सांगितले जाते ते असे की, अमुक प्रांताचे लोक मुळातच रागीट आणि तमुक प्रांताचे मुळातच थंड. या तिन्ही उत्तरांचा एकत्र समाचार घेणारा एक निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो लिहिला असून ‘क्राइम, जेंडर अँड सोसायटी इन इंडिया’ या नावाने तो ‘पॉप्युलेशन अँड डेव्हलपमेंट रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला. निबंध अठरा-वीस पानांचाच आहे. मराठीत त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. म्हणून हे परीक्षण. परीक्षण म्हणजे स्तुती नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो.

लेखकांनी १९८१ सालचा जिल्हावार खुनांचा दर घेतला आणि तो त्याच वर्षीच्या जनगणनेतील नोंदींशी ताडून पाहिला. दारिद्र्य किती, नागरी वस्ती किती, साक्षरता किती, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, असे एकेक सूत्र खुनाच्या दराबरोबर वर-खाली होते काय, हे त्यांनी तपासले. निष्कर्ष चार निघाले. दारिद्र्याचा आणि खुनाचा म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. शहरीकरणाचाही नाही. साक्षरता जिथे अधिक तिथे खून कमी. आणि सर्वांत ठळक असे जे निघाले ते हे की, ज्या जिल्ह्यांत पुरुषांच्या मानाने स्त्रिया कमी, त्या जिल्ह्यांत खून जास्त.

पहिल्या दोन निष्कर्षांनी चौकातील पहिली दोन उत्तरे निकालात निघतात. त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही. गरीब माणसावरचा एक जुना आळ उतरला, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. साक्षरतेचा निष्कर्ष सुखद आहे. तो वाचून आपल्या शाळामास्तरांना धन्यता वाटेल, आणि वाटू द्यावी. खरा विचार करावयाचा आहे तो शेवटच्या निष्कर्षाचा. स्त्रियांच्या संख्येचा खुनाशी संबंध काय?

या संबंधाकडे प्रथम लक्ष वेधले ते फिलिप ओल्डनबर्ग यांनी. १९९२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये उत्तर प्रदेशाविषयी एक टिपण लिहून त्यांनी असे सुचविले की, जिथे जमिनीचे आणि वैराचे तंटे हाणामारीने मिटवावे लागतात तिथे घराला मुलगे हवे असतात. मुलगा म्हणजे लाठी धरणारा हात. चार मुलगे म्हणजे चार लाठ्या. मग मुलींची हेळसांड होते, त्या दगावतात, आणि जनगणनेच्या तक्त्यात स्त्रियांचा रकाना रोडावतो. म्हणजे कारण हिंसा, आणि कार्य स्त्रियांची घट. याच्या उलट म्हणणारेही आहेत: स्त्रिया कमी म्हणून अविवाहित तरुणांची संख्या वाढते, आणि असे रिकामे, बिनसंसारी पुरुष हातघाईवर लवकर येतात. इथे कारण स्त्रियांची घट, आणि कार्य हिंसा. द्रेझ-खेरा यांनी हे दोन्ही तर्क पारखून घेतले आहेत आणि स्वतःचा कौल तिसऱ्या बाजूला दिला आहे. त्यांच्या मते ही दोन्ही एकाच व्याधीची लक्षणे असावीत. जिथे पुरुषाची सत्ता, पुरुषाचा मान, पुरुषाचा शब्द हेच घराचे आणि गावाचे कायदे झालेले असतात, तिथे मुलगी नकोशी होते आणि माणूस मारणे सोपे होते.

निबंधाचा मोठा गुण असा की हा कौल लेखकांनी ‘संभाव्य’ म्हणून दिला आहे. सिद्धांत म्हणून आपल्या डोक्यावर मारलेला नाही. आकड्यांनी बोलणाऱ्या लेखकांत हा संयम अलीकडे दुर्मिळ होत चालला आहे.

ज्या वर्षाचे आकडे या निबंधात आहेत त्याच वर्षी, म्हणजे १९८१ च्या फेब्रुवारीत, यमुनाकाठच्या बेहमई गावी वीस माणसे एका ओळीत उभी करून मारण्यात आली. फूलनदेवीचे नाव त्या दिवशी देशभर झाले. तिच्यावर त्याच गावी झालेल्या अत्याचाराचा सूड म्हणून हे हत्याकांड घडले अशी हकीकत सर्वत्र सांगितली गेली. तिने स्वतः गोळ्या झाडल्या की नाही, हा वाद शेवटपर्यंत राहिला. १९८३ साली भिंड येथे ती शरण आली, आणि २००१ साली दिल्लीत स्वतःच्या घराच्या दारात मारली गेली. ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना या सगळ्या प्रदेशाची ओळख करून देण्याची गरज नाही. चंबळच्या घळींत दरोडेखोराला ‘डाकू’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तिथला शब्द ‘बागी’. शब्दातच न्याय गृहीत धरलेला आहे: याने चोरी केली नाही, बंड केले; याच्या मानाला धक्का लागला म्हणून हा घर सोडून घळीत उतरला. १९६० साली विनोबा तिथे पायी हिंडले आणि मानसिंगाच्या टोळीतील माणसांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७२ साली जयप्रकाशांपुढे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांचे सोबती शरण आले. टोळ्या गेल्या. पण भिंड आणि मुरैना या दोन जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया २०११ च्या जनगणनेतही ८४० च्या आसपासच होत्या. संपूर्ण देशाचे प्रमाण त्या वेळी ९४३ होते. बंदूक आणि मुलगी यांचे त्या मातीतले व्यस्त प्रमाण पाहिले म्हणजे निबंधातील शुष्क तक्ता एकदम अंगावर येतो.

इथपर्यंत मी लेखकांच्या बरोबर आहे. पुढे मात्र पाऊल अडते, आणि ते अडते आपल्याच अंगणात.

आपले कोकण घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. १९८१ मध्ये हे प्रमाण त्याहूनही बरेच अधिक होते. एवढ्यावरून कोकणात स्त्रीला देव्हाऱ्यात बसविले आहे असे कोणी म्हणेल काय? तिथे स्त्रिया अधिक दिसतात याचे कारण पुरुष मुंबईला गेलेले असतात. गिरणीत गेले, गोदीत गेले, कचेरीत गेले. बायका मागे राहून भात लावीत राहिल्या आणि मनिऑर्डरची वाट पाहत राहिल्या. उलट मुंबई शहर जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे स्त्रिया अवघ्या ८३२. भिंडपेक्षाही कमी! निबंधाचा सरळ अर्थ लावायचा तर मुंबईत रोज रक्ताचे पाट वाहायला हवेत. प्रत्यक्षात सव्वा कोटीच्या या नगरीत गेल्या काही वर्षांत वर्षाला दीडशेच्या आसपास खून नोंदले जातात. म्हणजे दर लाखामागे सव्वाच्या आसपास, देशाच्या दराहून पुष्कळच कमी. बिनसंसारी पुरुषांची गर्दी म्हणजे हिंसा, हा तर्क मुंबईच्या चाळीत आणि खाणावळीत टिकत नाही. यावरून लेखकांचा तिसरा तर्क अधिक खरा ठरतो, हे मी मान्य करतो. पण स्त्रीपुरुषांचे एकूण प्रमाण हे स्त्रीच्या किमतीचे माप म्हणून वापरताना कोकणातल्या माणसाने तरी दोनदा विचार करावा. नोकरीसाठी देशांतर केलेला पुरुष आणि जन्मण्याआधीच नाहीशी केलेली मुलगी, दोघेही तक्त्याच्या एकाच रकान्यात उतरतात.

मुलीचा उल्लेख झालाच आहे तर त्याविषयी बोलू. सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण घेतले की स्थलांतराची ही भेसळ टळते. १९८१ साली हजार मुलग्यांमागे मुली ९६२ होत्या. १९९१ मध्ये ९४५, २००१ मध्ये ९२७, आणि २०११ मध्ये ९१९ च्या आसपास. घसरण एकसारखी आहे, आणि ती सोनोग्राफीच्या यंत्राबरोबर गावोगाव पोचली. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीसारख्या सधन, साक्षर, साखरेने गोड झालेल्या जिल्ह्यांत २००१ साली मुली साडेआठशेच्या आसपास उतरल्या. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७ राहिल्या. आता याच्या शेजारी खुनाचा दर ठेवा. १९८१ साली तो लाखामागे ३.३ होता. १९९१-९२ च्या सुमारास ४.६ पर्यंत चढला. नंतर २००१ मध्ये ३.५, २०११ मध्ये २.८, आणि २०२२ मध्ये २.१. म्हणजे मुली घटत गेल्या आणि त्यांच्याबरोबर खूनही घटत गेले!

निबंधाच्या मुळावर येणारी गोष्ट म्हणतात ती ही. एका वर्षाच्या नकाशावर जे दोन रंग एकमेकांवर बरोबर बसतात, ते काळाच्या ओघात विरुद्ध दिशांना वाहू लागतात. लेखकांना याबद्दल दोष देता येत नाही. त्यांनी एकाच वर्षाचा छेद घेतला होता आणि तसे स्पष्ट सांगितले होते. दोष द्यायचा तो निबंधाचा निष्कर्ष सरसकट उचलून ‘मुली वाचवा म्हणजे खून थांबतील’ अशी घोषणा करणाऱ्यांना. मुली वाचवायच्या त्या मुलींसाठी. त्यासाठी खुनाची साक्ष काढण्याची आवश्यकता नाही.

यावर माझे स्वतःचे अनुमान असे आहे. १९८१ पर्यंत मुलींची तूट ही उपेक्षेतून येत होती. दूध कमी, औषध उशिरा, ताप आला तर ‘होईल बरा’. ज्या समाजात हे चालत होते तिथे मारामारीही चालत होती. दोहोंचे मूळ एक होते. पुढे यंत्र आले आणि तूट सुशिक्षितांच्या दवाखान्यातून येऊ लागली. जो मनुष्य तलवार तर सोडाच, पण आवाजही चढवीत नाही, त्याच्या घरीही दुसरी मुलगी जन्माला येईनाशी झाली. हिंसेने पोशाख बदलला आणि ती खुनाच्या रकान्यातून निघून गेली. हे अनुमान पडताळण्याचे साधन मजजवळ नाही. पण दोन आकड्यांनी एकमेकांची संगत का सोडली याचा दुसरा उलगडा मला सुचत नाही. खून घटण्याला दुसरीही कारणे असतील. जखमी माणूस आता लवकर दवाखान्यात पोचतो, आणि १९५३ साली खुनात जमा झाला असता तो ‘खुनाच्या प्रयत्ना’त जमा होतो. हत्येच्या प्रयत्नाचे गुन्हे आता हत्यांहून कितीतरी अधिक नोंदले जातात, हे लक्षात घेतले पाहिजे.

रकान्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ खुनाचेच आकडे का घेतात, तर चोरी, मारहाण, बलात्कार यांच्या नोंदी भरवशाच्या नसतात. फिर्याद द्यायला लोक धजत नाहीत, पोलीस ती घेत नाहीत. प्रेत मात्र लपविता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो बहुतांशी खरा आहे, पण प्रेत कोणाचे यावर बरेच अवलंबून आहे. शेताच्या बांधावर पडलेला पुरुष खुनातच जमा होतो. स्वयंपाकघरात जळालेली सून मात्र कुठे जमा होत होती? ‘स्टोव्ह भडकला’ हे तीन-चार दशकांपूर्वी वर्तमानपत्रातील रोजचे वाक्य होते. आणि स्टोव्ह भडकायचे ते सुनांवरच, सासवांवर नव्हे. हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा दंडसंहितेत आला तो १९८६ साली. निबंधाचे आकडे त्याच्या पाच वर्षे आधीचे आहेत. म्हणजे ज्या स्त्रियांच्या जिवाचा हा सारा विचार, त्यांच्यापैकी कित्येकींचे खून १९८१ च्या तक्त्यात अपघात किंवा आत्महत्या म्हणून बाहेर ठेवलेले असणार. आणि हे बाहेर ठेवणे सगळ्या जिल्ह्यांत सारखे झाले असेल असे मानण्यास आधार नाही.

आजही ही वजाबाकी चालूच आहे. २०२२ साली हुंडाबळीचे सुमारे साडेसहा हजार गुन्हे नोंदले गेले. खुनांच्या २८,५२२ गुन्ह्यांत ते धरलेले नाहीत. त्यांपैकी दोन हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले, हजाराहून अधिक बिहारमधले. आता त्या वर्षीचा उत्तर प्रदेशाचा खुनाचा दर पाहा: लाखामागे दीडच्या घरात, देशाच्या दराहून कमी. तो पाहून एखादा भाबडा वाचक म्हणेल की गंगायमुनेचा प्रदेश निवळला. हुंडाबळी त्यात मिळविले की हे निवळणे बरेचसे गढूळ होते. शिवाय ‘प्रतिष्ठेपायी केलेल्या हत्या’ म्हणून एक रकाना आहे. २०१९ साली सर्व देशात त्यांची संख्या २५ आणि २०२० सालीही २५ च. हा आकडा वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. बापाने आणि भावाने मारलेल्या मुलीची फिर्याद द्यायची कोणी? बापाने की भावाने?

असे असूनही मारणारे आणि मरणारे यांत पुरुषच अधिक. २०२२ मध्ये मेलेल्या दहांपैकी सुमारे सात पुरुष होते. आणि कारणांचा तक्ता पाहिला तर सर्वांत मोठा रकाना ‘भांडण-तंटा’ असा आहे: ९,९६२ खून. त्याखालोखाल वैर: ३,७६१. लाभासाठी म्हणजे पैशासाठी केलेले खून अवघे १,८८४. बांध, पाणी, पैशाची देवघेव, घरातली कुरबुर, चारचौघांत उच्चारलेला एखादा शब्द, याच गोष्टींवर माणूस माणसाला मारतो. मार्व्हिन वोल्फगँग यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातले १९४८ ते १९५२ या पाच वर्षांतील ५८८ खून तपासून १९५८ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातही क्षुल्लक कारणावरून झालेली बाचाबाची हीच सर्वांत मोठी राशी निघाली होती. त्याच देशाच्या दक्षिण भागात खून उत्तरेहून अधिक होतात, ही गोष्ट रेडफील्ड नावाच्या पत्रकाराने १८८० साली पुस्तक लिहून मांडली. आणि १९९६ साली निस्बेट आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी तिचा उलगडा ‘मानाची संस्कृती’ असा केला. गुराढोरांवर जगणाऱ्या आणि सरकारचा हात जिथे पोचत नाही अशा मुलखात, अपमान गिळला की उद्या गुरे जातात, म्हणून अपमान गिळायचा नाही, ही ती संस्कृती. चंबळचा माणूस हे वाचील तर त्याला ते परके वाटणार नाही.

नकाशाचा आणखी एक कोपरा राहिला, आणि तिथे द्रेझ-खेरांचे सूत्र मला सर्वांत लंगडे वाटते. तो कोपरा म्हणजे झारखंड, बस्तर, आदिवासींचा मुलूख. २०२२ साली मोठ्या राज्यांत खुनाचा दर सर्वांत अधिक झारखंडचा होता: लाखामागे चारच्या घरात. आणि स्त्रियांचे प्रमाण? २०११ साली ९४९, देशाच्या सरासरीहून वरचे. हरियाणाने सूत्र पाळले (स्त्रिया ८७९, खुनाचा दर तीनच्या वर), केरळने पाळले (स्त्रिया १०८४, दर एकाच्या खाली), झारखंडने मोडले. तिथे मुलगी नकोशी नाही, तरी माणसे मारली जातात, आणि ‘डायन’ ठरवून स्त्रियाच मारल्या जातात. त्याविरुद्ध बिहारला १९९९ साली आणि झारखंडला २००१ साली कायदा करावा लागला.

या मुलखातील खुनांविषयी एक जुना ग्रंथ मी या निमित्ताने पुन्हा काढून वाचला: व्हेरिअर एल्विन यांचा ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’. १९४३ साली मुंबईत तो प्रसिद्ध झाला. दक्षिण बस्तरमधील, नाचताना रानगव्याच्या शिंगांचा मुकुट घालणाऱ्या मारिया लोकांतले शंभर खून एल्विनने कज्ज्यांच्या कागदांतून काढले, गावे हिंडून आणि जगदलपूरच्या तुरुंगातील माणसांशी बोलून पारखले, आणि एकेक खून कथेसारखा सांगितला. दारू, बाईवरून उपजलेला मत्सर, वाटणी, जादूटोण्याचा संशय ही कारणे अपेक्षितच आहेत. पण त्याचे एक निरीक्षण मला इतरत्र आढळले नाही. ते म्हणजे थकवा. दिवसभर उन्हात राबून माणूस घरी येतो, पोटात आग असते, जेवणाला उशीर झालेला असतो, कोणीतरी एक वाकडा शब्द बोलतो, आणि हाताशी कुऱ्हाड असते. मागून तोच माणूस पळून जात नाही, खोटे बोलत नाही. मी मारले असे सांगून मोकळा होतो. एल्विनला त्याची कीव आहे, आणि त्याची कीव वाचकाला लागते.

एल्विनचे शंभर आणि द्रेझ-खेरांचे हजारो, यांत कोणाचे अधिक खरे? हा प्रश्न आपल्या समीक्षकांना आवडतो, पण तो चुकीचा आहे. शंभर माणसांच्या तोंडून जे कळते ते जिल्ह्याच्या सरासरीतून कळत नाही. जिल्हा खून करीत नसतो, माणूस करतो. आणि आपण सांगतो ती गोष्ट बस्तरची की साऱ्या देशाची, हे एल्विनला सांगता आले नसते, कारण शेजारच्या दहा जिल्ह्यांचा हिशेब त्याच्यापाशी नव्हता. माझी तक्रार निराळी आहे. दोघांनाही वाचल्यावर एक प्रश्न मनात राहतो तो असा की, मारियाच्या घरात उन्हातून राबून परत येते ती बाईही येते. तीच लाकडे फोडते, तीच भात कांडते, कुऱ्हाड तिच्याही हाताशी असते, आणि जेवणाला उशीर झाला तर तिच्याही पोटात आग असते. तिचा थकवा कुऱ्हाड का उचलीत नाही? एल्विनने थकव्याचे शास्त्र मांडले, पण त्याचा थकलेला माणूस पुरुष आहे. द्रेझ-खेरांनी पुरुषसत्ता हे कारण दिले, पण त्यांच्या तक्त्यात थकलेला माणूस कुठे दिसत नाही. या दोन पुस्तकांमध्ये एका तिसऱ्या पुस्तकाची जागा रिकामी आहे.

ते लिहिणाऱ्याची वाट सोपी नाही. १९८१ चे जिल्हे आता राहिले नाहीत. रत्नागिरीतून त्याच वर्षी सिंधुदुर्ग निघाला. बस्तरचे १९९८ पासून तुकडे होत गेले. झारखंड आणि छत्तीसगड ही राज्ये, हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच २००० सालच्या नोव्हेंबरात जन्मली. गोव्यातील खून वर्षाला काही दहांतच मोजण्याइतके थोडे, त्यामुळे पाच-दहांच्या फरकाने तिथला दर डोलू लागतो. तिथे एका वर्षावर विसंबता येणार नाही, दहा वर्षे एकत्र घ्यावी लागतील. खुनाचे कलम ३०२ होते ते १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत १०३ झाले आहे. आणि ज्या लोकसंख्येने भागून हे सारे दर काढायचे ती २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. आजचे दर २०११ वरून बांधलेल्या अंदाजांवर उभे आहेत. नवी जनगणना हाती आल्यावर बेळगावी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील एखाद्या महाविद्यालयीन प्राध्यापकाने आपल्या जिल्ह्यापुरते तरी हे काम अंगावर घ्यावे. पोलीस ठाण्यातील जुनी बाडे वाळवीच्या तोंडी जाण्याआधी.